रज्जाकभाई रंग विचारायचे

रज्जाकभाईंच्या दुकानात गाडी नेली की पहिली वीस मिनिटं गाडीला कोणी हात लावत नसे. आधी मालकाची तपासणी व्हायची.

दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीचा पूल उतरल्यावर डाव्या हाताच्या गल्लीत होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. तेव्हा ‘न्यू लाईट ऑटो इलेक्ट्रिक’ अशी पाटी होती आणि खाली फक्त जुन्या गाड्या उभ्या असत. रज्जाकभाई गाडीची वीज तेवढी पाहत. इंजिन, ब्रेक, पत्रा यांच्याबद्दल विचारलं तर डोळ्यांच्या डॉक्टरला गुडघा दाखवल्यासारखा चेहरा करत.

मी पहिल्यांदा गेलो तो वडिलांची गाडी घेऊन. पांढरी, लहान, चौकोनी. एके काळी ती दारात उभी राहिली की मास्तरालाही साहेब झाल्यासारखं वाटे. वडिलांच्या मागे ती माझ्याकडे आली. मी अमरावतीला कॉलेजात शिकवतो, बहीण अकोल्याला जठारपेठेत राहते. एकाआड एक शनिवारी मी त्या गाडीनं बहिणीकडे जायचो आणि रविवारी सकाळी मेव्हणा, त्याचे शेजारी आणि मी असे मिळून ती ढकलायचो. अमरावतीत दोघांनी गाडी पाहिली होती. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं पहिल्याची अक्कल काढली आणि पुन्हा बॅटरीच बदलली.

“बॅटरी उतरते,” मी रज्जाकभाईंना सांगितलं.

त्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं. “हे निदान झालं. निदान माहं काम हाये. तुमी फक्त काय झालं ते सांगा.”

“सकाळी गाडी सुरू होत नाही.”

“कोनत्या सकायी?”

“रविवारी.”

“सोमवारी?”

“सोमवारी मी अमरावतीत असतो. तिथं होते सुरू.”

“म्हंजे गाडीले अकोला पसंत नाई,” ते गंभीरपणे म्हणाले. “शनिवारी काय आनता बहिनीसाठी?”

मला हा प्रश्न खाजगी वाटला. तरी सांगितलं, की संत्री, कधी कोहळं, आईनं केलेलं काही.

“ठेवता कुठं? मांडीवर?”

“डिकीत.”

“आन् रविवारी जाताना?”

“रिकामाच जातो.”

ते उठले. खिशातून दोन वायरी जोडलेला एक लहानसा बल्ब काढला. त्याला ते ‘गवाह’ म्हणत. “अंदाज झाला. आता गवाह पायजे.” बॅटरीची एक वायर सोडवून त्यांनी तो बल्ब मधे लावला. गाडी पूर्ण बंद, किल्ली माझ्या हातात, तरी बल्ब मिणमिणत होता. म्हणजे गाडीत कुठेतरी, कुणीतरी, गुपचूप वीज खात होतं. मग त्यांनी एकेक फ्यूज उपसायला सुरुवात केली. चौथ्या फ्यूजला बल्ब विझला. फ्यूज परत बसवून ते मागे गेले, डिकी उघडली आणि आतल्या दिव्यावर माझं बोट टेकवलं. दिवा चांगलाच तापलेला होता. झाकण लावल्यावर दिवा विझवणारं बटन अडकत होतं आणि संत्री काढून घेतलेल्या रिकाम्या डिकीला तो दिवा रात्रभर उजेड दाखवत बसायचा. परतीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी बटन आपोआप सुटत असे. त्या खड्ड्यांचा उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला.

हे सगळं करताना रज्जाकभाईंच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक डाग पडला नाही. पडत नसेच. डाव्या मनगटात काळ्या चिकटपट्टीची तीन-चार भेंडोळी बांगड्यांसारखी अडकवलेली, दाढी नीट कातरलेली, बोलणं कमी. दुकान नसतं तर माणूस काझी वाटला असता. आपला तसा भास होतो हे त्यांना ठाऊक होतं आणि तो मोडण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. त्याऐवजी ते म्हणत, “गाडी अजून बोलली नाई.”

जळलेला फ्यूज नुसता बदलून देणाऱ्यांचा त्यांना तिरस्कार होता. “फ्यूजनं खबर देली. अन् हे खबर देनाऱ्यालेच फेकून देतात.” ते स्वतः फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब टांगत. वायर कुठेतरी पत्र्याला टेकत असेल तोवर बल्ब भगभगत राही. मग ते शांतपणे गाडीतली एकेक जोडणी सोडवत जात. ज्या जोडणीला बल्ब मंद होई, तिथे गुन्हेगार. सापडलेले गुन्हेगार एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जमा होत: गंजलेले बोल्ट, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, वितळलेली बटनं. नव्या गिऱ्हाइकाला ते डबा दाखवत आणि प्रत्येक तुकड्याची हकीकत सांगत.

त्या डब्यातला त्यांचा लाडका तुकडा हिवरखेडच्या एका शेतकऱ्याच्या गाडीतला होता. गाडी डावीकडे वळली की हॉर्न वाजे आणि सरळ होईपर्यंत वाजत राही. बिचारा हिवरखेडहून अकोल्यापर्यंत शक्य तिथे उजवीकडेच वळत आला. जिथे इलाज नव्हता तिथे लोकांनी पहिल्यांदा रस्ता दिला आणि मग शिव्या.

“गाडी ठेवता कुठं?” रज्जाकभाईंनी विचारलं होतं.

“गोठ्यापाशी. सरकीच्या पोत्यायजवळ.”

“उंदीर किती?”

“मोजले नाई, बाप्पा.”

स्टिअरिंगखालची वायर सरकीवर पोसलेल्या उंदरानं बरोबर एका बाजूनं सोलली होती. रज्जाकभाई तो तुकडा बोटात धरून म्हणत, “पाहा, कसा साफ सोलला. माह्या हातानं इतका साफ सोलत नाई.”

पण दुकानाची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. रज्जाकभाई मालकाला कामाला बसवत. डॅशबोर्ड खोलला, वायरींचा गुंता बाहेर आला की स्टीलचं एक स्टूल सरकवत, हातात टॉर्च देत आणि म्हणत, “बोला.” मालकानं वायरींचे रंग सांगायचे. “लाल.” “हं.” “हिरवा, त्यावर पांढरी रेघ.” “हं. त्याच्या बाजूचा?” अकोल्यातले बँक मॅनेजर, वकील, डॉक्टर, घरात बल्बही न बदलणारी माणसं त्या स्टुलावर तासतास बसत आणि नंतर चारचौघांत सांगत, “वायरिंग मले रज्जाकभाईनं शिकवलं.” विद्यार्थी म्हणवून घेण्यात एवढा अभिमान मी आमच्या कॉलेजात कधी पाहिला नाही.

त्यांनी शागीर्द मात्र कधी ठेवला नाही. लोक म्हणत, म्हातारा विद्या लपवून ठेवतो.

मला खरं कळलं ते अपघातानं. माझ्या गाडीचा उजवा इंडिकेटर बिघडला होता आणि मी स्टुलावर बसून रंग सांगत होतो. मधेच फोन आला, मी गल्लीच्या तोंडाशी गेलो. प्राचार्यांचा फोन होता, म्हणजे लवकर संपणारा नव्हता. परत आलो तेव्हा रज्जाकभाई दोन वायरी दोन हातांत धरून बसले होते. एक लाल, एक हिरवी. आळीपाळीनं डोळ्यांजवळ नेत होते, उजेडाकडे धरत होते. माझी चाहूल लागली तशा त्यांनी वायरी खाली ठेवल्या.

“कोनती कोनती?” त्यांनी विचारलं.

“डावी लाल, उजवी हिरवी.” आणि मग मला जे सुचायला नको होतं ते सुचलं. “भाई, तुम्हाला दिसत नाही?”

त्यांनी गल्लीत पाहिलं. कोणी नव्हतं.

“दिसते सगळं. रंग समजत नाई. लाल, हिरवा, दोन्ही मले मातीवानी. लाल जुना झाला तं कायाच वाटते. जन्मापासून हाये. शायेत झाडाची पानं मातीच्या रंगानं रंगवली, तं मास्तरनं झोडलं.” ते थांबले. “उस्तादले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं धंदा शिकवलाच नसता. फक्त अमिनाले ठाऊक हाये, आन् आता तुमाले.”

अमिना म्हणजे त्यांची बायको.

“मी कुणाला सांगणार नाही.”

“नोका सांगू. इलेक्ट्रिशियनले रंग समजत नाई म्हटलं, तं गाडी कोन आनन इथं? चाळीस वर्सं झाली सर. आता मी दुसरं काय करू?”

माणूस चाळीस वर्षं रोज एका भीतीसमोर दुकान उघडत होता. आणि गंमत अशी, की त्यांचं सगळं कौशल्य त्याच भीतीतून आलं होतं. जुन्या गाडीतले रंग खोटं बोलतात. आधीच्या दहा मेकॅनिकांनी हाताला येईल त्या रंगाची वायर जोडलेली असते. डोळे धड असलेले रंगावर विश्वास ठेवतात आणि फसतात. रज्जाकभाईंना ती चैन नव्हती. मालकानं रंग सांगितला की ते त्या वायरला नाव मिळालं एवढंच समजत. तिच्यात काय वाहतं ते गवाह लावून पाहिल्याशिवाय दोन टोकं जोडत नसत. एकदाही नाही.

एकदा जोडली. आणि त्या प्रसंगाला कारण मी होतो, कारण देशमुख साहेबांना तिथे मी पाठवलं.

देशमुख साहेब बहिणीचे शेजारी, निवृत्त शिक्षणाधिकारी. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी शाळेच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची सोडत नसत. माझ्या गाडीसारखीच त्यांचीही जुनी गाडी होती. तिचे वायपर बंद पडले होते. एका शाळेत साडेअकराला ते प्रमुख पाहुणे होते आणि आभाळ भरून आलं होतं. साडेदहाला ते दुकानात पोचले. मीही बरोबर होतो.

रज्जाकभाईंनी स्टूल सरकवलं. साहेब बसले. टॉर्च हातात घेतला.

“बोला साहेब. या दोनातला काया कोनता?”

साहेबांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. “डावीकडचा. काळाभोर आहे.”

“पक्कं?”

“अहो, मी पस्तीस वर्षं शाळा तपासल्या आहेत.”

रज्जाकभाईंचा हात खिशातल्या बल्बाकडे गेला. साहेब म्हणाले, “आता हे कशाला? मी सांगतोय ना.” मी पाहत होतो. हात खिशापाशी थांबला. साहेबांचा आवाजच असा होता, की त्यानंतर तपासणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं झालं असतं. काळी वायर पत्र्याला जोडायची असते. रज्जाकभाईंनी डावीकडची वायर पत्र्याच्या बोल्टला आवळली, बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली.

वायर काळी नव्हती. तेल आणि धूळ खाऊन काळपटलेली लाल होती आणि किल्लीच्या स्विचमधून सरळ येत होती. मधे फ्यूज नव्हता. डॅशबोर्डातून धूर निघाला, रबर जळाल्याचा वास गल्लीभर झाला. रज्जाकभाईंनी किल्ली उपटून बॅटरी सोडवली तोवर हातभर गुंता वितळून एक झाला होता. साहेब टॉर्च धरून बाहेर येऊन उभे होते. तो अजून चालू होता.

“हे काय केलंत?” साहेब म्हणाले.

“चूक माही हाये,” रज्जाकभाई म्हणाले.

साहेब ऑटोनं शाळेत गेले. तिथे त्यांनी ‘निष्ठा’ या विषयावर भाषण केलं असं कळलं. रज्जाकभाईंनी चार दिवस दुसरं काम न घेता तो सगळा गुंता नव्यानं बांधून दिला. साहेबांनी गाडी नेली आणि भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली: “रज्जाक आता म्हातारा झाला. त्याला दिसत नाही.”

ज्या वाक्याला ते चाळीस वर्षं भीत होते ते जवळजवळ तसंच्या तसं गावात फिरू लागलं, आणि तेही ज्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं अशा माणसाच्या तोंडून. दोन महिन्यांत गल्ली रिकामी दिसू लागली. मंडळी हायवेवरच्या मोठ्या वर्कशॉपकडे वळली. तिथे बसायला थंडगार खोली होती, गाडीला जोडायला पडदा असलेलं यंत्र होतं आणि जुन्या गाडीत ते यंत्र जोडायला जागाच नसल्यामुळे ‘अख्खं वायरिंग बदला’ हा एकच निकाल होता.

मी त्या दिवसांत दुकानात गेलो की रज्जाकभाई बिस्किटाचा डबा पुसत बसलेले असत.

एकदा मी बहिणीकडे असताना देशमुख साहेब लग्नपत्रिका वाचताना दिसले. पत्रिका नाकाला टेकलेली होती आणि ती उलटी होती. मी तसाच जुन्या शहरात गेलो.

“भाई, साहेबांना मोतीबिंदू आहे. त्यांनाच दिसत नव्हतं.”

“मले तवाच समजलं,” ते म्हणाले. “टॉर्चचा उजेड वायरवर नव्हता. माह्या बोटायवर होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मी म्हनन, साहेब, तुमाले दिसत नाई. ते म्हनतीन, बरं बाबा, मले नाई दिसत. पन तुले तं दिसत होतं ना?”

 ते पुढे म्हणाले, “लोक म्हातारा म्हनतात, म्हनू दे. म्हातारा सगळेच होतात. ते दुसरं समजलं तं म्हनतीन, चाळीस वर्सं फसवलं.”

पावसाळा संपता संपता साहेबांनी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. मुलानं जबरदस्तीनं नेलं म्हणे. पट्टी निघाल्यावर त्यांना घराच्या भिंतींचा खरा रंग दिसला, बायकोच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसल्या आणि बहुधा त्या दिवशीची वायरही दिसली. मी त्यांना ढोंगी समजत आलो होतो. पण ते दुसऱ्याच दिवशी काळा चष्मा लावून त्या गल्लीत गेले आणि शेजारच्या पंक्चरवाल्यासमोर, सुपारीवाल्यासमोर म्हणाले, “रज्जाकभाई, त्या दिवशी मला दिसत नव्हतं. मी दडपून सांगितलं. चूक माझी होती आणि तुम्ही ती आपल्या अंगावर घेतलीत.”

रज्जाकभाईंनी खुर्ची दिली आणि चहा मागवला. त्यांना मिळालेला मोठेपणा त्यांचा नव्हता. त्यांनी साहेबांना वाचवलं नव्हतं, स्वतःला लपवलं होतं. पण हे सांगायचं कसं? मला म्हणाले, “शिव्या झेपल्या सर. हे झेपून नाई राहिलं.”

साहेब माफी मागून थांबले असते तर ते शिक्षणाधिकारी कसले. त्यांनी जठारपेठेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाकडून रज्जाकभाईंचा सत्कार ठरवला. वार्षिक समारंभात पंच्याहत्तरी गाठलेल्या चार सभासदांचाही सत्कार होता. पंच्याहत्तरी गाठण्यापलीकडे त्यांनी काही केलं असल्याचा उल्लेख पत्रिकेत नव्हता. चौघांना भगव्या शाली आणलेल्या होत्या. पाचवी शाल कोणत्या रंगाची, यावर कार्यकारिणीची खास बैठक झाली. मेव्हणा सभासद असल्यामुळे मला वृत्तांत मिळाला. भगवी दिली तर त्यांना वाईट वाटेल का, हिरवी दिली तर वेगळं वागवल्यासारखं होईल का, पांढरी अशुभ दिसेल का. दीड तासानंतर हिरवी ठरली आणि आपण फार नाजूक गोष्ट फार समजुतीनं हाताळली या समाधानात मंडळी घरी गेली.

समारंभाला हॉल भरला होता. रज्जाकभाई इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात स्टेजवर टोकाच्या खुर्चीत बसले होते. अमिनाभाभी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत होत्या. देशमुख साहेबांनी सगळी हकीकत सांगितली. “दुसऱ्याचा दोष स्वतःच्या शिरावर घेणारी ही पिढी आता दुर्मीळ झाली आहे,” ते म्हणाले. स्वतःच्या चुकीचं एवढं सुंदर वर्णन मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही. मग शाल, नारळ, टाळ्या, आणि माईक रज्जाकभाईंसमोर आला.

त्यांनी आधी अमिनाभाभींकडे पाहिलं. भाभींनी मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

“साहेबायनं मोठेपना देला,” ते म्हणाले. “पन खरं वेगळं हाये. साहेबायले तवा दिसत नव्हतं, आता दिसते. मले तवाई दिसत नव्हतं आन् आताई दिसत नाई. लाल आन् हिरवा मले जन्मापासून समजत नाई. म्हून मी तुमाले स्टुलावर बसवून रंग इचारत होतो. मी कोनाले शिकवत-बिकवत नव्हतो.”

 मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मग मागून कोणीतरी हसलं, आणि पाठोपाठ सगळा हॉल हसला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“मजाक नाई करून राहिलो,” रज्जाकभाई म्हणाले. हशा दुप्पट झाला. माझ्या मागे बसलेले बँक मॅनेजर शेजाऱ्याला सांगत होते, “मले सोता शिकवलं ना यायनं. तीन दिवस. मानूसच असा हाये, श्रेय घेनारच नाई.” देशमुख साहेबांनी माईक परत घेतला. “याला म्हणतात विनय,” ते म्हणाले, आणि अल्पोपाहाराची घोषणा झाली.

मी बाहेर आलो तेव्हा रज्जाकभाई फाटकापाशी उभे होते. तीन माणसांनी त्यांना सोमवारी गाडी आणतो म्हणून सांगितलं. ते मान हलवत राहिले. ती गेल्यावर माझ्याकडे वळले.

“कोनी मानलंच नाई, सर.”

“नाही.”

“याले मी भेत होतो?” ते म्हणाले. आवाजात सुटका होती असं मला म्हणायला आवडलं असतं. होतं ते फसवल्या गेलेल्या माणसाचं आश्चर्य होतं. चाळीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट त्यांनी एकदाची लोकांसमोर टाकली होती आणि ती उचलायलासुद्धा कोणी वाकलं नव्हतं.

अमिनाभाभी बायकांच्या घोळक्यातून वाट काढत येत होत्या. पंच्याहत्तरी गाठलेल्यांपैकी एक गृहस्थ शाल पांघरूनच आमच्या शेजारी मुलाच्या स्कूटरची वाट पाहत उभे होते.

“माही शाल हिरवी हाये म्हनतात,” रज्जाकभाई हळू आवाजात म्हणाले.

“हो. हिरवी.”

“आन् यायची?”

“भगवी.”

त्यांनी आपल्या हातातली शाल दिव्याखाली धरली. मग त्या गृहस्थांच्या खांद्यावरची पाहिली. पुन्हा आपली पाहिली. दुकानात वायर पाहत तसे ते घाई न करता पाहत होते.

“मले तं दोन्ही एकच दिसते,” ते म्हणाले, शाल खांद्यावर टाकली आणि ऑटो थांबवायला रस्त्यावर गेले.